नाणेघाटातली पावलं

सातव्या शतकात चीनहून निघालेला ह्युएन त्संग पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला आणि इथल्या माणसांचा स्वभाव त्याने टिपून ठेवला. नुसत्या पोथ्या मागवून त्याला हे साधलं नसतं. मुरबाडच्या वैशाखऱ्याहून चढणाऱ्या नाणेघाटाचा विचार करताना मला हेच पुन्हा पटतं. घाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ, दक्षिणा, गाई, घोडे यांची त्यात नोंद आहे. मागच्या भिंतीवर सातवाहनांची नावं आहेत, पण त्याखालचे पुतळे गेले, उरल्या त्या पावलांच्या खुणा.

कोणी म्हणेल, लेखाचे ठसे घरबसल्या वाचता येतात. खरं आहे, अक्षरं तशी लागतात. पण घाटमाथ्यावरचा दगडी रांजण, ज्याला लोक जकातीचा म्हणतात, आणि जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याकडे उतरणारी वाट ठशात येत नाही. एवढं दान देण्याइतकी संपत्ती कुठून आली असेल, याचा अंदाज ती वाट चढल्यावरच येतो. आणि ती वाट गावकऱ्यालाच ठाऊक असते. पाहुण्या अभ्यासकाने त्याला नुसता वाटाड्या समजू नये. सहकारी मानावं आणि आपल्या लेखात त्याचं नाव घालावं.