सात नंबरचं ऐकायचंच असतं!

सकाळचे साडेसहा. गॅसवर कुकर, दारात दूधवाला आणि माझ्या एका हातात मोबाईल. अमेरिकेत तेव्हा रात्र असते आणि एनबीएची मॅच रंगात आलेली असते. नवरा रोज एकच डायलॉग मारतो, "तुला यातलं काय कळतं गं?"

कळतं ना! म्हसवडला शाळेत असताना मी स्वतः बास्केटबॉल खेळलेय. हसू नका. मुरमाचं मैदान, दोन लोखंडी खांब, त्यातली एक रिंग वाकडी आणि जाळीचा पत्ता नाही. पडलं की गुडघा सोलवटलाच म्हणून समजा. पण आमची टीम होती. प्रॉपर टीम!

आमच्या माण तालुक्याचं नाव काढलं की लोकांना आधी दुष्काळ आठवतो. अलीकडे मोहीची ललिता बाबरही आठवते. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिनं ३००० मीटर स्टीपलचेसची फायनल गाठली, तेव्हा अख्खा तालुका टीव्हीसमोर होता. धावण्याचं एक बरं असतं, तुम्ही कितव्या हे घड्याळ सांगतं. टीमचं तसं नाही. तिथं नावं माणसं लिहितात आणि माणसांना कुणाची तरी मर्जी सांभाळायची असते.

आमच्या टीमची स्टार होती सात नंबर. (नाव नाही सांगत, आता ती दोन मुलांची आई आहे.) बॉल तिच्या हातात गेला की आम्ही निम्म्या निश्चिंत. दहावीच्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेला साताऱ्याला जायचं होतं. आदल्या दिवशी नोटीस बोर्डवर बारा नावं लागली. माझं नव्हतं! माझ्या जागी सात नंबरची मामेबहीण, जिला धड ड्रिबलही करता यायचं नाही.

मी सरांना विचारलं. सर नजर चुकवत म्हणाले, "तुझी उंची कमी पडतीय."

उंची? ती काय एका रात्रीत कमी झाली होती?

मग मैत्रिणींकडून खरी बातमी कळली. बहीण येणार असेल तरच मी येते, असं सात नंबरनं सांगितलं होतं म्हणे. झालं! त्यानंतर कित्येक वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. यात्रेत समोर दिसली तरी रस्ता बदलायचे.

पुढे नोकरीसाठी पुण्याला आले, एनबीए बघायला लागले आणि लक्षात आलं, अरे, हे तर सगळीकडे चालतं! १९८१चा नोव्हेंबर. लेकर्सचा मॅजिक जॉन्सन कोच पॉल वेस्टहेडवर वैतागला आणि पत्रकारांना सरळ म्हणाला, मला दुसऱ्या टीममध्ये पाठवा. दुसऱ्या दिवशी कोचची हकालपट्टी! ज्या वेस्टहेडनं दीड वर्षापूर्वी चॅम्पियनशिप जिंकून दिली होती, तोच हा कोच. त्याच्या जागी पॅट रायली आला आणि १९८२ची चॅम्पियनशिपही लेकर्सनीच नेली. म्हणजे मॅजिकचं बरोबर होतं?

थांबा, आता ब्रुकलिन बघा. २०१९मध्ये त्यांनी केविन ड्युरंट आणि कायरी आयर्विंग हे दोन स्टार घेतले, आणि त्यांच्या दोस्तालाही, डिआंद्रे जॉर्डनला, चार वर्षांचं तगडं कॉन्ट्रॅक्ट दिलं. २०२२च्या उन्हाळ्यात ड्युरंटनं मला ट्रेड करा म्हणून मागणी केली. कोच स्टीव्ह नॅश नोव्हेंबरात गेला, फेब्रुवारी २०२३मध्ये आयर्विंग आणि ड्युरंटही गेले. एवढ्या सगळ्या लाडानंतर प्लेऑफमध्ये जिंकलेल्या सीरिज किती? फक्त एक!

मग स्टारला विचारूच नये का? तेही नाही. डॅलसनं फेब्रुवारी २०२५मध्ये लुका डॉन्चिचला, तो झोपायच्या तयारीत असताना, लेकर्सला देऊन टाकलं. प्रेक्षक इतके भडकले की मॅनेजर निको हॅरिसनला हाकला, हीच घोषणा महिनोन् महिने स्टेडियममध्ये चालली. नोव्हेंबरात तो गेलाच.

याचं साधं कारण आहे. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका बाजूला पाचच जण असतात आणि एनबीएची मॅच ४८ मिनिटांची. स्टार त्यातली ३५-४० मिनिटं खेळतो. असा माणूस रुसला तर टीमच बसते. पंधरा खेळाडू बदलण्यापेक्षा एक कोच बदलणं स्वस्त! क्रिकेटमध्ये अकरा जण असतात, तिथं एकाचं वजन कमी पडेल, असं वाटतं ना? अनिल कुंबळेला विचारा. त्याच्या कोचिंगखाली आपण १७ टेस्ट खेळलो, १२ जिंकलो, एकच हरलो, तीही आपल्या गहुंज्यात. तरी जून २०१७मध्ये त्यानं राजीनामा दिला आणि लिहिलं की कॅप्टनला आपल्या पद्धतीबद्दल आक्षेप आहेत, असं बोर्डानं कळवलं. कॅप्टन कोण, हे सांगायला नकोच.

आणि जानेवारी २०२५ची ती रणजी मॅच? बीकेसीच्या मैदानावर मुंबई विरुद्ध जम्मू-काश्मीर. रोहित शर्मा आणि यशस्वी जैस्वाल ओपनिंगला आले. विरारचा सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे बाहेर. त्याच सीझनला त्यानं महाराष्ट्राविरुद्ध १७६ काढले होते! मुंबई पहिल्या डावात १२०वर आटोपली आणि पाच विकेटनी हरली. एप्रिलमध्ये आयुष चेन्नईकडून वानखेडेवर रोहितच्याच मुंबईविरुद्ध आयपीएल खेळला, म्हणून त्याची गोष्ट आपल्याला माहीत तरी आहे. नोटीस बोर्डवरून गेलेल्या बाकीच्यांचं काय?

इथपर्यंत मी अगदी साळसूदपणे आयुषच्या बाजूनं होते. आणि मग मीच सर झाले.

हिंजवडीत माझ्या हाताखाली आठ जणांची टीम आहे. त्यात एक स्टार. क्लायंट फक्त त्याचंच ऐकतो, रात्री दोनला सर्व्हर बसला तरी हाच उठवतो. दीड वर्षापूर्वी तो केबिनमध्ये आला आणि म्हणाला, "टेस्टिंगला दुसरं कुणीतरी दे. हा फार वेळ लावतो." 'हा' म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी मोठा, कमी बोलणारा, प्रत्येक चूक शोधून काढणारा सहकारी. मी दोन दिवस विचार केला. खरं सांगू? विचार नव्हता तो. स्टार गेला तर माझं काय होईल, याचा हिशेब होता.

मी सहकाऱ्याला बोलावलं आणि म्हणाले, "बजेट कमी झालंय रे." तो बरं म्हणाला. डेस्कवरचा मग उचलला आणि बेंचवर गेला. आयटीतही त्याला बेंचच म्हणतात, बघा!

त्यानंतर सिद्धनाथाच्या रथयात्रेला म्हसवडला गेले. गुलाल-खोबऱ्याची उधळण, चांगभलंचा गजर, आणि त्या गर्दीत समोर कोण? सात नंबर! या वेळी रस्ता बदलायला जागाच नव्हती.

"काय गं, वळख इसरलीस व्हय?" तिनं हातच धरला. चहा झाला, मुलांच्या चौकश्या झाल्या. शेवटी न राहवून मी विषय काढलाच.

ती बघतच राहिली. "आगं, मुक्कामाला मला एकटीला घरचं सोडत नव्हतं. म्हणून म्हणलं, बहिणीला बी न्या. तुला काढा असं मी कवा म्हणलं? सर तर म्हणलं, तुलाच यायचं न्हाई!"

बारा जणी न्यायच्या होत्या. तिनं एक नाव मागितलं होतं. कुणाचं कापायचं, ते सरांनी ठरवलं, आणि मग तिला एक कारण दिलं, मला दुसरं. इतकी वर्षं मी भलत्याच माणसावर रागावले होते. मला मॅजिक आठवला. कोचला काढायचं आपण आधीच ठरवलं होतं, असं लेकर्सचा मालक जेरी बस म्हणाला होता. पण पुढच्या मॅचला घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो कुणाची उडवली? मॅजिकची!

स्टार मागणारच हो. ज्याच्या खांद्यावर ओझं, तो बोलणारच, आणि कधीकधी त्याचं बरोबरही असतं. पण नाव खोडणारा हात त्याचा नसतो. माझ्या ऑफिसात तो माझा होता.

पुण्यात परतल्यावर मी सहकाऱ्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "बजेटचं मला तेव्हाच पटलं नव्हतं. त्याच आठवड्यात तुम्ही दोन नवीन पोरं घेतलीत की!" तोवर तो दुसऱ्या प्रोजेक्टवर रुळला होता. परत ये म्हणायची सोय नव्हती. आता कधीमधी चहाला येतो. पूर्वीसारखं नाही, पण येतो.

आणि आमचा स्टार? मार्चमध्ये त्यानं पेपर टाकला!

पुढच्या महिन्यात नव्या प्रोजेक्टची यादी करायचीय. सहा जागा, आठ माणसं. नवा स्टार परवाच केबिनमध्ये येऊन बसला होता. त्याचं मी ऐकून घेतलं. ज्या दोघांची नावं गळतील, त्यांना मात्र मी स्वतः बोलावणार आहे आणि खरं कारण सांगणार आहे. पोटात आत्ताच गोळा आलाय.

पण उंची कमी पडतीय, असलं काही सांगणार नाही. माझी स्वतःचीच पाच फूट एक इंच आहे!