सातवा रकाना

मोडलेली वस्तू हाती आली की माणूस काय करतो, यावरून त्याची कुळी ओळखावी. बहुतेकांना वाईट वाटते. काही थोडे लोक मात्र मनातून खूश होतात. आता ती उघडून पाहायला कोणाची हरकत नसते! आमचा दादा या दुसऱ्या कुळीतला. घरातले घड्याळ बंद पडले की त्याचा चेहरा फुले.

वडील शाळेत सुतारकाम शिकवीत, त्यामुळे रंधा, पटाशी, गुण्या ही आमची खेळणीच. दादाचा आकाशकंदील आतल्या दिव्याच्या उष्णतेने आपोआप फिरे. दिवाळीतल्या त्याच्या किल्ल्यावर दवाखान्यातून आणलेल्या सलाइनच्या नळीतून खरोखरीचा ओढा वाहे. माझ्याकडे फक्त अळीव पेरण्याचे काम.

पुढे तो इंजिनियर होऊन सॉफ्टवेअरमध्ये शिरला. शेजारीपाजारी पगार विचारीत. वडील विचारीत, "पण तू बनवतोस काय?" दादाला उत्तर देता येत नसे. रात्रंदिवस खपूनही दाखवायला हातात काही नाही, हे त्यालाही बोचत असावे.

१९९८ च्या दिवाळीत तो कडेला भोके असलेल्या लांबलचक कागदांची एक घडी नमुन्यादाखल घेऊन आला. कोबोल नावाची ती भाषा १९५९ साली जन्मली. तेव्हा मजकूर ८० रकान्यांच्या कार्डांवर भोके पाडून यंत्राला देत, आणि यंत्राच्या स्मरणातली जागा फार महाग. म्हणून सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहायची काटकसर रूढ झाली. ९९ नंतर येणार ००. यंत्र ते १९०० समजले, तर व्याजाचे आणि वयाचे सगळे हिशेब उलटे! परदेशातली असली जुनी खाती दुरुस्त करण्यात तेव्हा आपली हजारो मुले गुंतली होती.

"मग तू काय केलंस?" वडिलांनी चष्मा लावला.

"पन्नासच्या आतला आकडा आला की दोन हजारांतला धरायचा, नाहीतर एकोणीसशेतला."

"म्हणजे दोन हजार पन्नास साली पुन्हा तेच."

दादा हसला. "नाना, तोवर हा प्रोग्रॅम ठेवतंय कोण?"

"पहिल्यानंही हेच म्हटलं असेल रे."

दादा गप्प झाला. मग म्हणाला, सगळी खाती नव्याने लिहायची तर मुदतीत होणारच नाही. नानांना ते पटले. घाईचे काम त्यांनीही केले होते. पण प्रत्येक कपाटाच्या मागल्या फळीवर ते पेन्सिलीने तारीख, लाकूड आणि कुठे ठिगळ मारले ते लिहून ठेवीत. "फळीमागं लिहिलंस का?" त्यांनी विचारले.

तेव्हा दादाने तो सातवा रकाना दाखवला. त्यात तारकेची खूण केली की यंत्र ती अख्खी ओळ सोडून देते. ती फक्त माणसासाठी. (आमच्या विषयात याला तळटीप म्हणतात, आणि विद्यार्थीही ती सोडूनच देतात.) नानांनी पेन्सिलीच्या टोकाने रकाने मोजले. त्यांच्या मुलाच्या कामात त्यांना पहिल्यांदाच हात घालायला जागा सापडली होती.

परत गेल्यावर दादाने दुरुस्त केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये तारकेमागे लिहिले: ही सोय २०४९ पर्यंतच. साहेब कुरकुरला. असल्या ओळींचे पैसे कोण देतो?

१ जानेवारी २००० च्या रात्री दादा कचेरीतच होता. काहीही झाले नाही. नंतर लोक म्हणू लागले की तो सगळा बागुलबुवाच होता. मला या म्हणण्याचा अजून राग येतो. छप्पर गळले नाही म्हणून शाकारणाऱ्याला कोणी खोटा ठरवतो का? नाना एवढेच म्हणाले, "दार लागलं आणि वाजलं नाही."

नाना २०११ साली गेले. दादाने पन्नाशी ओलांडली आहे. हुद्दा मोठा, दिवस बैठकांत जातो. स्वतः ओळ लिहायला मिळाली तर सण. गेल्या महिन्यात माझ्या घरी आला, तेव्हा नानांच्या कपाटाचे दार ओघळले होते. मी नवे घ्यायचे म्हणत होते. त्याने कपाट ओढून बिजागरी बदलली, मागची फळी बराच वेळ वाचली, आणि माझ्या टेबलावरची पेन्सिल मागितली.