अर्ध्या तासाचा हिशेब

सलग 5 तासांहून अधिक काम करण्यापूर्वी कामगाराला निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळालीच पाहिजे, असा दंडक 1948 च्या कारखाने अधिनियमातील कलम 55 ने घातला; जेवणाची सुट्टी म्हणून गिरण्यांत ओळखली जाते ती हीच. मुंबईत तिची मागणी मात्र कितीतरी जुनी होती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1884 मध्ये गिरणी कामगारांनी केलेल्या अर्जात रविवारच्या रजेबरोबरच दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीचाही आग्रह होता, आणि 1891 च्या कायद्याने दुपारी 12 ते 2 च्या दरम्यान पूर्ण अर्धा तास काम बंद ठेवण्याचे बंधन कारखान्यांवर आले; मात्र मंजूर पाळ्यांनी चालणाऱ्या कारखान्यांना त्यातून सूट मिळाली.

काम बंद ठेवणे आणि कामगाराला आळीपाळीने सोडणे यांतील अंतर केवढे मोठे आहे, हे प्रस्तुत लेखकाला गिरणगावातील एका गिरणीच्या विणाई खात्यात बदली कामगार म्हणून, म्हणजे कायम कामगार गैरहजर असेल त्याच दिवशी काम मिळणारा म्हणून, राबताना उमगले. तेथे सुट्टीतही माग थांबत नसत. एक विणकर जेवायला गेला की शेजारचा स्वतःच्या मागांबरोबर त्याचेही माग सांभाळी, धोट्यातली कांडी संपली की बदली, ताण्याचा धागा तुटला की सांधी, आणि तो परतल्यावरच आपला डबा उघडी. मजुरी विणलेल्या कापडाच्या लांबीवर ठरत असल्याने माग जितका वेळ बंद पडे तितके पैसे विणकराचेच बुडत, त्यामुळे मागाशेजारी उभ्या उभ्या भाकरी खाणारे कामगार नित्याचे होते. बदलीवाल्याला तर उद्याच्या कामाचीच शाश्वती नसल्याने प्रस्तुत लेखकही बहुधा तसेच जेवत असे. जे बाहेर जात त्यांचाही वेळ नळावरच्या रांगेत आणि हाताला, केसांना, भुवयांना चिकटलेला कापसाचा तूस काढण्यात सरे. कागदोपत्री अर्धा तास पुरा होई, जेवण मात्र घाईने उरके.

कलम 55 ने विश्रांती बंधनकारक केली, पण त्या वेळेच्या मजुरीबद्दल काहीच सांगितले नाही. मोजमापावर मजुरी मिळणाऱ्या कामगाराला ही सुट्टी निर्धास्तपणे घेता यायची असेल, तर त्या अर्ध्या तासाची सरासरी मजुरी कायद्यानेच बांधून दिली पाहिजे.