तपकिरी माद्या आणि संगणकाचा पडदा

नवेगावबांध, परसवाडा यांसारख्या गोंदिया जिल्ह्यातील तलावांवर हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांपैकी नर ओळखणे फारसे कठीण नसते. नवशिक्याचा कस लागतो तो माद्यांपाशी, कारण तलवार बदक, थापट्या आणि गडवाल या तिघांच्याही माद्या दुरून सारख्याच तपकिरी, ठिपकेदार दिसतात. थापट्याच्या मादीची टोकाशी पसरट होणारी चोच, तलवार बदकाच्या मादीची लांबट मान व राखाडी चोच, गडवालच्या मादीच्या पंखावरचा पांढरा चौकोन, ही लक्षणे पाठ असूनही ऐनवेळी नजरेला सापडत नाहीत. वारंवार पाहिल्याने नजरच बदलते आणि पूर्वी न जाणवणारे भेद आपोआप उठून दिसू लागतात, या प्रक्रियेस मानसशास्त्रात संवेदनिक अध्ययन म्हणतात. एलिनॉर गिब्सन यांनी 1969 साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

या अध्ययनाला संगणक चांगला मानवतो. मानसशास्त्रज्ञ फिलिप केलमन यांच्या पद्धतीत शिकणाऱ्यापुढे एकामागून एक नवी चित्रे येतात, त्याने पटकन उत्तर द्यायचे असते, चूक की बरोबर हे तत्क्षणी कळते आणि अचूकतेबरोबर उत्तराचा वेगही मोजला जातो. मात्र एका जातीची चित्रे ओळीने दाखवून मग दुसरीकडे वळण्याची पक्षिनिरीक्षण शिबिरांतली रीत (वक्त्याला ती फार सोयीची असते) इथे अपुरी पडते. मानसशास्त्रज्ञ कॉर्नेल व ब्यॉर्क यांच्या 2008 च्या प्रयोगात चित्रकारांच्या शैली सरमिसळ पाहणाऱ्यांना अधिक ओळखता आल्या, तरीही बहुतेकांना ओळीने पाहणेच फायद्याचे वाटले; पक्षिकुळांवरील पुढच्या प्रयोगांतही सरमिसळच सरस ठरली. शिकल्यासारखे वाटणे आणि शिकणे यांत असे अंतर पडते.

पडद्याची उणीव वेगळीच आहे. छायाचित्रकाराने पक्षी आधीच शोधून, उजेडात, मधोमध आणून ठेवलेला असतो. तलावावर तो गवताआड, पाठमोरा, धुक्यात असतो आणि मुळात तो तिथे आहे हे हेरणे हाच निम्मा अभ्यास असतो. तो अभ्यास काठावरच होतो, आणि स्थानिक ढीवराची नजर त्यासाठी कोणत्याही चित्रसंचापेक्षा मोलाची आहे. म्हणून पक्षिगणनेसाठी स्वयंसेवक घडवणाऱ्यांनी सरावासाठी निव्वळ देखणी छायाचित्रे निवडू नयेत. अस्पष्ट, दूरची, अर्धवट दिसणारीही जपून ठेवावीत आणि अखेरची परीक्षा शिकणाऱ्याने कधीच न पाहिलेल्या चित्रांवर घ्यावी.