कोनाची धाव

बेसचा स्पीकर समोर आला की लोक आधी वॅट विचारतात. माझे लक्ष त्याचा कोन किती पुढे-मागे जाऊ शकतो याकडे असते. वॅटवरून कोनाला ढकलणारी तारेची कॉइल किती उष्णता सोसेल ते कळते. ढोलाचा ठोका छातीत बसेल का, हे मात्र कोन किती हवा हलवतो त्यावर ठरते, आणि ती हवा म्हणजे कोनाचे क्षेत्रफळ गुणिले त्याची धाव.

रिकोनिंगसाठी, म्हणजे कोन आणि कॉइल बदलण्यासाठी, स्पीकर उघडला की हिशेब सोपा होतो. चुंबकावरच्या टॉप प्लेटची जाडी मोजायची आणि कॉइलवर तार किती उंचीची भरली आहे ते पाहायचे. तार १६ मिलिमीटर, प्लेट ८. वजाबाकीचे निम्मे, म्हणजे ४. कोन एका दिशेला ४ मिलिमीटर जाईपर्यंत पूर्ण गॅप, म्हणजे प्लेटजवळची कॉइल हलते ती फट, तारेने भरलेली राहते आणि ढकलणारे बळ जवळजवळ तेच राहते. त्यापुढे तारेचे टोक गॅपमध्ये शिरते, बळ घटते, आवाज फाटू लागतो.

गॅपच्या बाहेरही थोडे चुंबकीय क्षेत्र असते. म्हणून काही उत्पादक प्लेटच्या जाडीचा चौथा हिस्सा मिळवून ६ छापतात. कोणी दोन्ही दिशांची धाव धरून ८ लिहितो. कोणी आवाजातली विकृती १० टक्के होईपर्यंत कोन हलवून मोजतो. अभियंते रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पीकरच्या गणितात या धावेला मानाचे स्थान दिले. ते गणित आजही चालते, पण त्यात घातलेला आकडा कुठून आला हे तपासावेच लागते.

कारण तार आणि प्लेट मोजून सगळे कळत नाही. कोनाला धरून ठेवणारा आतला स्पायडर किंवा कडेचा सराउंड आधीच ताणला गेला, तर कोन तिथेच अडतो. फॉर्मर, म्हणजे तार गुंडाळलेली नळी, मागच्या प्लेटवर आदळला तर ‘टक्’ असा कडक आवाज येतो आणि कॉइल चेपते. म्हणून मी एका कार्डावर लांबट, निमुळता व्ही काढतो, तोंडाशी १० मिलिमीटर रुंद, १०० मिलिमीटर लांब. व्हीची लांबी कोनाच्या हालचालीला आडवी येईल असे ते कार्ड कोनावर उभे चिकटवतो आणि २० हर्ट्झच्या सुराचा आवाज हळूहळू वाढवतो. डोळ्याला प्रत्येक रेघ दुहेरी दिसू लागते. आतल्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथली व्हीची रुंदी म्हणजे कोनाची या टोकापासून त्या टोकापर्यंतची धाव. तिचे निम्मे करायचे, आणि कान मात्र पहिल्या खरखरीकडे ठेवायचे.

हा खटाटोप खालच्या सुरांसाठी. आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला की धाव चौपट लागते: ८० हर्ट्झला १ मिलिमीटर पुरत असेल तर ४० ला ४ आणि २० ला १६. पोर्ट असलेल्या बॉक्समध्ये, बॉक्स ज्या सुराला बांधला त्याच्या खाली हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट धावतो. तिथे खालचे सूर कापणारा फिल्टर लावायलाच हवा.

स्पीकर घेताना तारेची उंची आणि प्लेटची जाडी विचारून घ्या. धाव एका दिशेची की दोन्ही, आणि ती मोजली की हिशेबाने काढली, हेही विचारा. उत्तर मिळाले नाही, तर छापलेला आकडा धरून बॉक्स बांधू नका.