थेंबांचे त्रैराशिक

"मुलीला गणित जमत नाही, म्हणून तिला नर्सिंगला घालावे म्हणतो," असे सांगणारे आईबाप आम्हाला दरवर्षी भेटतात. बारावीचा निकाल लागला की हमखास. आम्ही दोघी मैत्रिणी, एक अंबड तालुक्यातली, दुसरी मंठ्याकडची. दोघींच्याही आया कापूस वेचणाऱ्या. आज आम्ही जालन्यात परिचारिकेचे काम करतो. आईबापांचा उत्साह घालवणे जिवावर येते, पण खरे सांगावेच लागते. नर्सिंगमध्ये गणित टाळता येत नाही. ते रात्री तीन वाजता, उभ्या उभ्या, दोन खाटांवरून हाका येत असताना करावे लागते.

प्रशिक्षणाला गेलो तेव्हा आम्हीही घाबरलो होतो. पुस्तक इंग्रजी, सूत्र इंग्रजी. आमच्या शिकवणाऱ्या बाई एक दिवस फळ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "अगं, हे त्रैराशिक आहे. एक किलो कापसाला इतके, तर बेचाळीस किलोला किती?" वर्गातल्या निम्म्या मुलींच्या चेहऱ्यावरची भीती तिथेच उतरली. काट्यावर किती भरला, भाव काय, उचल वजा जाता हाती किती, हा हिशेब आमच्या आया तोंडी करत आणि मुकादमाची चूक तिथल्या तिथे दाखवत. शाळा न शिकलेल्या बायांचे हे डोके आमच्या कामी आले.

सलाईनचेच पाहा. साध्या सेटमधून साधारण वीस थेंब पडले की एक मिलिलिटर होते. पाचशे मिलिलिटरची बाटली आठ तासांत संपवायची, तर थेंब झाले दहा हजार आणि मिनिटे चारशे ऐंशी. भाग दिला की मिनिटाला एकवीस, म्हणजे सुमारे तीन सेकंदाला एक थेंब. आम्ही घड्याळ नळीच्या कुपीजवळ धरतो आणि मोजतो. लहान मुलांसाठी बारीक थेंबांचा सेट असतो, त्याला मायक्रो सेट म्हणतात. त्यात एका मिलिलिटरला साठ थेंब पडतात. तासाची मिनिटेही साठच. त्यामुळे तासाला जितके मिलिलिटर, तितकेच मिनिटाला थेंब. हे कळले तेव्हा आम्हाला फार गंमत वाटली होती.

पण खरी धास्ती इथेच आहे. दहा किलोच्या बाळाला दिवसभरात एक लिटर पाणी शिरेतून द्यायचे ठरले, तर तासाला बेचाळीस मिलिलिटर, म्हणजे मायक्रो सेटने बेचाळीस थेंब. तेच बेचाळीस थेंब मोठ्यांच्या सेटने सोडले तर तासाला एकशे सव्वीस मिलिलिटर जाईल. तिप्पट! वेळीच लक्षात आले नाही तर बाळाच्या फुप्फुसात पाणी भरू शकते. आकडा तोच आणि तो बरोबरही आहे, फक्त नळी वेगळी. म्हणून आम्ही हिशेब मोठ्याने बोलतो आणि दुसरीकडून पुन्हा करून घेतो. दशांश चिन्हाआधी शून्य लिहायचे आणि पूर्ण आकड्यापुढे .0 लिहायचे नाही, हेही असेच. पाचचे पन्नास वाचले जातात. डॉक्टरांनी लिहिलेला आकडा पटला नाही तर विचारायचे. विचारणारी सिस्टर काहींना उद्धट वाटते. वाटू दे.

सर्पदंशाचे गणित मात्र उलटे चालते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर चालणारी लस एकच. तिच्या कुप्या मोठ्या माणसाला जितक्या, तितक्याच लहान मुलाला. नातेवाईक भांडतात, "एवढ्याशा पोराला एवढे औषध?" साप मूल पाहून विष कमी सोडत नाही आणि औषध विषाला मारायचे असते. कमी करतात ते औषध मिसळायचे पाणी. तासाभरात दीडशे मिलिलिटर सोडायला सांगितले तर साध्या सेटने मिनिटाला पन्नास थेंब होतात. सुरुवातीला बाजूला उभे राहून अंगावर पित्त उठते का, धाप लागते का, हे पाहावे लागते.

विंचवाचे आणखी वेगळे. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे आपल्याच जिल्ह्यातील देहेड गावचे. त्यांनी महाडच्या भागात लाल विंचवाच्या रुग्णांवर आयुष्य घालवले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आधी त्यांनी नायट्रोप्रुसाइडची ड्रिप वापरली. ती वजनाप्रमाणे, मिनिटाला किती मायक्रोग्रॅम अशी मोजून सोडावी लागते आणि रक्तदाबावरून नजर हटवता येत नाही. पुढे त्यांनी प्राझोसिन ही तोंडाने घ्यायची गोळी वापरात आणली. खेड्यातल्या दवाखान्याला हा केवढा आधार! तरी हिशेब सुटला नाहीच. मुलाला किलोमागे तीस मायक्रोग्रॅम, म्हणजे बारा किलोच्या मुलाला तीनशे साठ. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम, तेव्हा एक मिलिग्रॅमच्या गोळीचा तिसरा हिस्सा आणि वर थोडे. (हे औषध घरी द्यायचे नसते, दवाखान्यातच.)

आता थोडे नातेवाईकांविषयी. "सिस्टर, सोडा ना जोरात, शेवटची गाडी चुकेल," असे म्हणत नळीवरचे चाक स्वतःच फिरवणारे बंधू आम्ही पाहिले आहेत. मोजलेला हिशेब त्या एका बोटाने मोडतो. दुसरे असे की, कामावरून थकून आलेली बाई अशक्तपणासाठी मजुरीचे पैसे मोजून सलाईन लावून घेते. पाच टक्के ग्लुकोजच्या पाचशे मिलिलिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, चहाचे पाच-सहा चमचे. जेवण जात असेल तर तेवढ्यात गूळ-शेंगदाणे घरात येतील.

आणि मुलाचे वजन. धावपळीत आम्ही विचारतो तेव्हा "असेल दहा-बारा किलो" असे उत्तर येते. दहा आणि बारामध्ये औषधाचा पाचवा हिस्सा वाढतो. अंगणवाडीत दरमहा वजन होते, तो ताजा आकडा आईने आणि आजीनेही पाठ ठेवावा. कापसाचा काटा पावशेराने चुकला तरी आपल्या बायांच्या लक्षात येते.