नवा मालक, जुना पाव मैल

‘डिअर ऑल, वी हॅव सम एक्सायटिंग न्यूज!’ अशी मेल एचआरकडून आली की समजून जायचं, कंपनी विकली गेली. माझ्या पहिल्या नोकरीत अडीच वर्षांत अशा दोन मेल आल्या. मासिक छोटं, माणसं चौदा. पहिला नवा मालक आला, त्याने सगळ्यांना पिझ्झा खिलवला, लोगो बदलला आणि ‘आपल्याला नंबर वन व्हायचंय’ असं सांगून गेला. दुसऱ्याने पिझ्झासुद्धा दिला नाही, नुसताच लोगो बदलला. त्यानंतर मी फ्रीलान्सिंगला लागले, ते आजपर्यंत.

पण एक किडा डोक्यात राहिलाच. एखादी छोटी संस्था, जिच्या शेजारी एक मोठ्ठी संस्था वर्षानुवर्षं उभी आहे, तिला नवा मालक मिळतो तेव्हा नेमकं काय बदलतं? लोगो सोडून? या किड्याला खाद्य मिळालं ते भलत्याच ठिकाणी. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगमध्ये.

थांबा, पान उलटू नका! गाड्यांमधलं मलाही ओ की ठो कळत नाही. माझ्या स्कूटीचा हॉर्न वाजला नाही तरी मी थेट मेकॅनिककडे जाते. पण ड्रॅग रेसिंगचा फंडा एकदम सोप्पा आहे. सरळ रस्ता, दोन गाड्या, पाव मैल, म्हणजे साधारण 402 मीटर. वळण नाही, लॅप नाही. मधल्या खांबावर दिवे असतात, त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. हिरवा लागला की सुटायचं. हरला तो घरी, जिंकला तो पुढच्या फेरीत.

यातल्या सगळ्यात वरच्या गाड्या म्हणजे ‘टॉप फ्युएल’. त्या नायट्रोमिथेनवर चालतात आणि त्यांची ताकद अकरा हजार हॉर्सपॉवरच्या घरात सांगतात. 2008 मध्ये न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाउनला स्कॉट कॅलिटा हा नामवंत ड्रायव्हर अपघातात गेला, त्यानंतर या गाड्यांची शर्यत पाव मैलाऐवजी 1000 फुटांची केली गेली. ते अंतर त्या पावणेचार सेकंदांच्या आसपास कापतात, शेवटाला वेग ताशी 530 किलोमीटर. मागचं वाक्य तुम्ही वाचून संपवेपर्यंत शर्यत झालीसुद्धा.

मला हे सगळं कळलं ते माझ्या मावसभावामुळे. दादा मिशिगनमध्ये गाड्यांच्या कंपनीत इंजिनीअर आहे. 2023 च्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेले होते, आणि त्याने ‘तुला नायगारा नंतर दाखवतो’ म्हणत गाडी काढली ती थेट शेजारच्या ओहायो राज्यातल्या नॉरवॉकला. वहिनी शहाणी, ती घरीच राहिली. जाताना माझ्या हातात इअरप्लग ठेवून म्हणाली, ‘दादा नको म्हणाला तरी घाल.’

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर पथकाच्या ढोलांच्या मधोमध उभं राहिल्यावर छातीत जे होतं ना, ते गुणिले शंभर करा. डोळ्यांतून पाणी आलं. दादा म्हणाला, नायट्रोच्या धुरामुळे. मी म्हटलं, बरं. मग आम्ही तिथलं फेमस आइस्क्रीम खाल्लं, एका डॉलरला पाऊंडभर! पाऊंडभर आइस्क्रीम उन्हात संपवणं ही स्वतंत्र शर्यत आहे, आणि तीत मी हरले.

पण मला खरी मजा वाटली ती दुसऱ्याच एका प्रकाराची. दादाने सांगितलं, या असल्या ट्रॅक्सवर वर्षाचे बरेचसे दिवस नायट्रोवाले नसतातच. असतात ती साधी माणसं. प्लंबर, शाळेतले शिक्षक, रिटायर्ड आजोबा, त्यांची नात. स्वतःच्या गाडीचं इंजिन स्वतः उघडणारी, ट्रेलरमागून खुर्च्या आणि बार्बेक्यू काढणारी. त्यांच्या शर्यतीला ‘ब्रॅकेट रेसिंग’ म्हणतात, आणि तिचा नियम ऐकून मी दादाला दोनदा विचारलं, खरंच का?

तर नियम असा. शर्यतीआधी तुम्ही स्वतःच सांगायचं की माझी गाडी पाव मैलाला किती वेळ घेईल. समजा तुम्ही म्हणालात 15 सेकंद आणि समोरचा म्हणाला 10. मग तुम्हाला पाच सेकंद आधी सोडणार. त्यामुळे आजोबांची जुनी व्हॅन आणि एखादी भन्नाट स्पोर्ट्स कार यांची शर्यत अगदी बरोबरीची होऊ शकते. आणि चलाखी करून तुम्ही वेळ जास्त सांगितलीत आणि सांगितल्यापेक्षा लवकर पोचलात, तर? तर तुम्ही बाद! म्हणजे स्वतःचं टार्गेट स्वतः ठरवायचं, ते गाठायचं, पण ओलांडायचं नाही. आमच्या ऑफिसातल्या अप्रेझलला हा नियम लावला असता तर निम्मा स्टाफ त्याच दिवशी बाद झाला असता. जिंकायला लागतं ते दिवा लागल्यावर क्षणात सुटणं आणि आपली गाडी नेमकी ओळखणं. पैसा लागतोच, पण पैशाने सगळं होत नाही.

आता आपल्या छोट्या संस्थेकडे येऊ. अमेरिकेत ड्रॅग रेसिंगचा मोठा कारभार एनएचआरएकडे, 1951 मध्ये वॉली पार्क्स यांनी सुरू केलेली संस्था. तिला आपण थोरली म्हणू. धाकटी म्हणजे आयएचआरए, 1970 मध्ये टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टलमध्ये लॅरी कॅरिअर यांनी काढलेली. ब्रिस्टलचा ड्रॅग ट्रॅक 1965 पासूनचा, डोंगरांमधल्या दरीत, आवाज असा घुमतो की त्याला नाव पडलं ‘थंडर व्हॅली’.

धाकटी नेहमीच जरा वांड. थोरलीने प्रो स्टॉक गाड्यांच्या इंजिनावर 500 क्युबिक इंचांची, म्हणजे सव्वाआठ लिटरच्या आतली मर्यादा घातली, तर धाकटीने म्हटलं, आमच्याकडे या, कितीही मोठं इंजिन आणा. त्यातून 13 लिटरच्या वरची राक्षसी ‘माउंटन मोटर’ इंजिनं आली. 1990 मध्ये तिने ‘प्रो मॉडिफाइड’ नावाचा वर्ग सुरू केला, जुन्या धाटणीच्या बॉडीखाली काहीही अचाट बसवलेल्या गाड्यांचा. लोक वेडे झाले. पुढे थोरलीनेही तो वर्ग घेतला. छोट्याने रिस्क घ्यायची, चाललं तर मोठ्याने उचलायचं. जाहिरात एजन्सीत काम करणाऱ्यांना यावर वेगळं सांगायला नको.

मालकांचं म्हणाल तर ‘एक्सायटिंग न्यूज’ची मेल धाकटीच्या वाट्याला इतक्या वेळा आलीय की विचारू नका. कॅरिअरनंतर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बिली मेयर, स्वतः रेसर आणि टेक्साससारख्या ठिकाणी 1986 मध्ये काँक्रीटचा झकास ‘मोटरप्लेक्स’ उभारणारा. त्याने थोड्याच काळात संस्था विकली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बिल बेडर, म्हणजे आमच्या आइस्क्रीमवाल्या नॉरवॉकचेच मालक. मग क्लिअर चॅनल ही रेडिओवाली बडी कंपनी. मग कॉन्सर्ट भरवणारी लाइव्ह नेशन. 2008 मध्ये फेल्ड एंटरटेनमेंट, म्हणजे रिंगलिंग ब्रदर्सची सर्कस चालवणारे. त्यांच्या काळात 2010 मध्ये ‘नायट्रो जॅम’ असा झगमगाटी शो आला. मग आयआरजी. मग आणखी हात बदलले.

गंमत बघा. कॅरिअर यांच्या ब्रिस्टलमध्ये 2001 पासून थोरलीचे थंडर व्हॅली नॅशनल्स भरू लागले. मेयरचं मोटरप्लेक्स थोरलीकडे परतलं. बेडर कुटुंबाचं नॉरवॉक 2007 मध्ये थोरलीच्या कॅलेंडरवर गेलं. म्हणजे ज्या ज्या माणसाने धाकटीला सांभाळलं, त्याचाच ट्रॅक पुढे थोरलीकडे गेला. यात कोणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ट्रॅकवाल्याला तिकिटं विकायची असतात. पण धाकटीकडे स्वतःचं असं उरलं काय? नाव, नियमांचं पुस्तक, आणि गावोगावच्या ट्रॅकवर दर शनिवारी येणारे ते ब्रॅकेटवाले. नायट्रोचा झगमगाट विझला, तेव्हाही तिला जिवंत ठेवलं ते यांच्याच एंट्री फीने.

2025 मध्ये धाकटीचं नाव पुन्हा गाजायला लागलं. आता मालक होता डॅरिल कटेल, ओहायोतल्या दराना हायब्रिड या कंपनीचा. त्याने नायट्रो परत आणलं, ‘आउटलॉ नायट्रो सीरिज’ काढली, मोठी बक्षिसं जाहीर केली. इथपर्यंत वाचून मला माझा पिझ्झावाला मालक आठवला. नंबर वन व्हायचंय! नायट्रोची गाडी म्हणजे चार सेकंदांची शर्यत आणि नंतर अख्खं इंजिन खोलून पुन्हा बांधायचं. असल्या टीम्स बक्षिसासाठी येतात आणि बक्षीस आटलं की जातात, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही गेलेच असते.

पण कटेलने आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. तो ट्रॅकच विकत घ्यायला लागला. मिशिगनमधलं मिलान, दादाच्या घरापासून फार लांब नाही. मग मेंफिस.

जमिनीचं हे प्रकरण समजायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. मी ड्रॅग रेसिंग आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीत, ‘व्हॅली रन’ला. कॉलेजची सगळी गँग पहाटे एक्स्प्रेस वेवरून वडापाव खात गेलो होतो. गाड्या सुसाट, सगळं सॉलिड, पण ती शर्यत होत होती विमानाच्या धावपट्टीवर. दुसऱ्याच्या अंगणात क्रिकेट खेळावं तसं. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच अॅम्बी व्हॅलीच्या लिलावाचा आदेश दिला, तेव्हा पेपरातल्या अर्थ पानावरच्या बातमीत मला ती धावपट्टीच दिसत होती. अंगण ज्याचं, खेळ त्याच्या मर्जीचा.

अमेरिकेत अंगणं एकेक करून गेली. इंग्लिशटाउनला 2018 मध्ये ड्रॅग रेसिंग बंद झालं. अटलांटाचा ट्रॅक 2021 मध्ये गेला. ह्यूस्टन 2023 मध्ये. डेन्व्हरजवळचं बँडिमिअर, डोंगराच्या कुशीतलं, एकाच कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेलं, तेही तिथून 2023 मध्येच हललं. शहर वाढतं, ट्रॅकपर्यंत येऊन पोचतं, नव्या सोसायटीतल्या लोकांना आवाजाचा त्रास होतो. मग आधी तक्रार येते आणि मागून बिल्डर येतो. हिंजवडीत किंवा ठाण्यात फ्लॅट घेतलेल्यांनी स्वतःला विचारावं, आपल्या पार्किंगखाली आधी काय होतं.

म्हणून धाकटीने जमीन घ्यायला लागणं मला शहाणपणाचं वाटतं. इतक्या मालकांमध्ये हा धडा ठळकपणे गिरवणारा तो निघाला. तरी मी टाळ्या वाजवत नाहीये. कारण आता संस्था त्याची, स्पर्धा त्याची आणि खालची जमीनही त्याचीच. पूर्वी मालक कंटाळला तर संस्था विकायचा आणि ट्रॅक तसाच राहायचा. आता एका माणसाचा मूड गेला किंवा खिसा आटला, तर गिऱ्हाईक कोणाला जास्त मिळेल, नियमांच्या पुस्तकाला की हायवेजवळच्या शेकडो एकरांना? गोडाऊन बांधणाऱ्याला ख्रिसमस ट्री नको असतं. यावर उपाय एकच दिसतो. तो ट्रॅक एरवीच्या बुधवारी, शनिवारी इतका गजबजलेला असायला हवा की विकणं तोट्याचं व्हावं. आणि ते नायट्रोवाल्यांच्या हातात नाही, ते वर्षातून एकदा येतात. रांगेत गाडी लावून पैसे भरणारे आजोबाच तो ट्रॅक पोसतात.

परवा दादाशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. त्याच्या ऑफिसात एक जण आहे, पन्नाशीचा, आठवडाभर स्प्रेडशीट आणि सुट्टीला ब्रॅकेट रेसिंग. मी दादाला म्हटलं, त्याला विचार ना, नव्या मालकाबद्दल काय वाटतं? नायट्रो परत आलं, खूश असेल!

दादा दुसऱ्या दिवशी विचारून आला. म्हणाला, ‘अगं, त्याला नायट्रोचं काही पडलेलं नाही. तो मलाच विचारत होता, पुढच्या वर्षीची एंट्री फी कुठे दिसली का, आणि बुधवारची प्रॅक्टिस ठेवलीय की नाही.’

‘मग? ठेवलीय का?’

‘कॅलेंडर अजून बघितलं नाही गं,’ दादा म्हणाला. ‘तुझी वहिनी जेवायला बोलावतेय, ठेवू?’